परत मागितलेलं दूध

माणसाच्या अंगातून निघणारी एकही गोष्ट माझ्या मावसभावाच्या मते टाकाऊ नाही. एका संशोधन प्रकल्पासाठी तो जिल्हाभर फिरून घाम, आसवं, नखं, कानातला मळ गोळा करतो. माणूस काय खातो, त्याच्या अंगात काय बिघडतं, हे म्हणे त्यातल्या बारीक रसायनांवरून कळतं. बोटाच्या पेराएवढ्या नळीत नमुना भरायचा, लगेच बर्फात ठेवायचा आणि वितळू द्यायचा नाही, हा त्याचा धर्म. एसटीत तो स्वतः उभा राहतो, बर्फपेटीला सीटवर बसवतो. कांदा चिरून काढलेली आसवं घेत नाही. रिसोडच्या एका लग्नात त्यानं भर पंगतीत नवरदेवाच्या काकांना सांगितलं, "काका, कान कोरू नका बरं, तो मळ मले पायजे." काका म्हणाले, "आधी बुंदी तं खाऊ दे, बाप्पा!"

मी मेडशीजवळच्या एका गावात नर्स आहे. तिथल्या एका बाळंतिणीचं पहिलं, चिकाचं दूध त्यानं माझ्यासमोरच नेलं होतं. बाळ नवव्या दिवशी गेलं. बाईला ताप भरला, दूध आटलं. त्यांच्या घरी गेलेल्या तान्ह्या लेकराला मातीत ठेवतात आणि तिसऱ्या दिवशी आई त्या मातीवर आपलं दूध सोडते. मी तिला तपासायला गेले, तर ती म्हणाली, "सिस्टर, तुमच्या भावापाशी माह्यं दूध आहे ना? थे वापस मागा. उद्या तिसरा दिवस हाय."

मी दादाला फोन केला. तो नियम सांगेल असं वाटलं होतं. प्रकल्पातून नाव काढलं तर नमुना नष्ट करतात, परत देत नाहीत. पण तो म्हणाला, "सायबाले विचारतो. तिले सांग, मी येऊन राह्यलो."

दुसऱ्या दिवशी साहेबांची परवानगी घेऊन तो आला. फाट्यापासून चालत, उजवी मूठ छातीशी आवळून.

"दादा, पेटी कुठी हाय?" मी विचारलं.

"थंडं कसं देऊ वं लेकराले?"

मातीपाशी बाईनं नळी उलटी धरली, पण एवढ्याशा तोंडातून दूध उतरेना. दादा तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि नळीच्या बुडावर बोटानं हलक्या टिचक्या मारत राहिला, शेवटचा थेंब मातीत जिरेपर्यंत.