माझ्या खोलीतला रेसट्रॅक

अकोट्याच्या सिग्नलला गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाचं होर्डिंग लागलं. अंगात रेसिंगचा सूट, काखेत हेल्मेट आणि हातात सेव-उसळच्या मसाल्याचं पाकीट. गोरव्याला कामावर जाताना मला रोज त्याच्या बत्तिशीखाली स्कूटर थांबवावी लागायची, आणि तो मेला सिग्नलही नेमका मी आले की लाल व्हायचा. सेव-उसळ खाल्ली की ह्याला ॲसिडिटी होते, हे काही त्या होर्डिंगवर लिहिलेलं नव्हतं.

भाऊ व्यावसायिक रेसिंग ड्रायव्हर आहे. मी व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी बघते. किराणावाले काका पुडी बांधता बांधता गुजरातीत विचारतात, "बेन, तमे पेला रेसिंगवाळाना बेन ने?" हो, त्या रेसिंगवाल्याची बहीण मीच, असं मी सांगते. 'तो तुमचा भाऊ का' असं उलटं मला अजून कुणी विचारलेलं नाही. मी त्याच्यावर जळते. आडपडदा कशाला ठेवायचा? त्याच्यावर माझा जीवही आहे, पण त्याने जळणं काही कमी होत नाही.

बाबा रिफायनरीत होते. आम्ही शाळेत असताना हायवेला शहराबाहेर गो-कार्टचा एक छोटा ट्रॅक निघाला. जुन्या टायरांच्या भिंती, मध्ये डांबराची वेडीवाकडी पट्टी, आणि घरी आल्यावर केसांना येणारा पेट्रोलचा वास. बाबांना गाड्यांचं वेड, म्हणून रविवारी ते आम्हा दोघांना तिथे न्यायचे. मी त्याच्या पुढे असायचे. हे माझं म्हणणं नाही, तो स्वतःच सांगायचा, तेही रडत रडत. आई त्याला समजवायची की ताई मोठी आहे, म्हणून पुढे जाते. दोन वर्षांनी मोठं असल्यामुळे गाडी कशी पळते, हे मला आजवर कळलेलं नाही.

मग कोइम्बतूरचे एक प्रशिक्षक आले. त्यांनी आम्हाला दोन दिवस पाहिलं आणि बाबांना सांगितलं की दोघांपैकी एकाला मी घेऊन जातो, कुणाला ते तुम्ही ठरवा. परतताना गाडीत बाबांनी ठरवलंसुद्धा. मला म्हणाले, "तू हुशार आहेस, तू कुठेही चमकशील. त्याला एवढंच येतं." भाऊ तेव्हा गणितात लागोपाठ दोनदा नापास झाला होता आणि मी वर्गात पहिली होते. पोरगी म्हणून नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. हुशार आहेस म्हणून नाही, यावर काय भांडणार? त्या वर्षी मीही गणितात गटांगळ्या खायला हव्या होत्या, असं मला पुढे कितीदा तरी वाटलं.

तो कोइम्बतूरला गेला, तिथून चेन्नईला. छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींत जिंकायला लागला. मग दोन हंगाम परदेशात खेळला आणि परत आला. आता तो एका संघाकडून इथल्याच स्पर्धांत उतरतो, बड्या घरच्या पोरांना गाडी चालवायला शिकवतो आणि प्रायोजक मिळावेत म्हणून लोकांच्या लग्नांत जाऊन हसतो. मानेचे व्यायाम करतो, मोजून जेवतो. हे सगळं सुखाचं नाही, हे मला दिसतं. पण दिसून काय उपयोग?

त्याची शर्यत असली की आई देव पाण्यात ठेवते. अक्षरशः. देवघरातला बाळकृष्ण, अन्नपूर्णा, सगळे तांब्याच्या पातेल्यात बुडवायचे आणि फोनवर शर्यत संपली की पुसून जागेवर ठेवायचे. मी बारावीला होते तेव्हा देव कोरडे होते. माझ्या बाळंतपणात तर खूप गुंतागुंत झाली, तेव्हाही कोरडेच. एकदा मी आईला विचारलं, तर ती म्हणाली की तुझी कधी काळजीच नव्हती गं. तिने ते कौतुकाने म्हटलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

लग्नाआधी जी माझी खोली होती, तिथे आता त्याचं सिम्युलेटर आहे. सीट, स्टीअरिंग, पेडल्स, समोर तीन मोठे पडदे. खरा ट्रॅक मिळत नाही तेव्हा ड्रायव्हर त्यावरच सराव करतात. माझं पुस्तकांचं कपाट त्यासाठी बाल्कनीत गेलं. माहेरी गेले की बंद दारामागून गाडीची घरघर ऐकू यायची, आणि मी स्वयंपाकघरात आईला भाजी निवडून द्यायचे.

माझ्या मनात इतकी वर्षं एकच गोष्ट अडकून होती. मी खरंच त्याच्यापेक्षा चांगली होते का? की लहानपणी सगळेच कुणाच्या तरी पुढे असतात? उत्तर 'नाही' असतं तर बरं झालं असतं. त्याने मला एकदा साफ धूळ चारली असती, म्हणजे मी सुटले असते.

म्हणून या भाऊबिजेला मी ओवाळलं आणि त्याने ताम्हणात पाकीट टाकायला हात पुढे केला, तेव्हा मी ते परत केलं. म्हटलं, "मला तुझ्या मशीनवर बसव. मग तू बस. मुद्दाम हळू चालवायचं नाही." तो हसला. मी हसले नाही, तेव्हा तो उठला.

आई पुऱ्या लाटत होती, बाबा बाहेर पेपर वाचत होते. आम्ही खोलीचं दार लावलं. त्याने परदेशातला एक ट्रॅक लावला, जिथे तो स्वतः खेळला होता. पहिल्या फेऱ्यांत मी गाडी इतकी आपटली की विचारू नका. साडीचा काठ पेडलमध्ये येत होता, तो खोचून घेतला. हळूहळू हात बसला. माझी बऱ्यापैकी एक फेरी झाल्यावर तो बसला आणि एकच फेरी मारली. मी कुठल्या कुठे मागे होते. मला अगदी हलकं वाटलं. चला, संपलं.

मग सवयीने त्याने दोघांच्या फेऱ्यांचे आलेख एकावर एक ठेवले. ड्रायव्हर मंडळी हे नेहमी करतात. कुणी कुठे ब्रेक मारला, कुठे ॲक्सिलरेटर सोडला, सगळं दोन रेघांत दिसतं. त्याची निळी, माझी लाल. सगळीकडे निळी वरचढ होती. लांबलचक सरळ रस्त्यानंतर उजवीकडे एक मोठं वळण होतं, फक्त तिथे निळी रेघ खाली आली होती आणि लाल सरळ गेली होती. वळणात शिरताना दोघांचा वेग जवळजवळ सारखाच होता.

त्याने ती जागा पडद्यावर मोठी करून पाहिली. योगायोग असेल म्हणाला आणि मला पुन्हा बसवलं. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदाही.

"इथे मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलतो," तो म्हणाला. "बहुतेक सगळेच उचलतात. दोघं-तिघं उचलायची नाहीत, ती पुढे गेली. मी परत आलो."

मी म्हटलं, "अरे, ही खोटी गाडी आहे. इथे कोण मरतंय?"

"मीही ह्याच गाडीत बसतो, ताई. मीही मरत नाही. तरी उचलतो."

मला आनंद व्हायला हवा होता. उलट स्टीअरिंग उपटून टाकावंसं वाटलं. हरून सुटायला आले होते, आणि हातात काय आलं, तर पुरावा. तोही आता, मुलगी दहावीला गेल्यावर. त्याने आलेख बंद केले आणि आपण जेवायला बसू या, म्हणाला.

ताटं मांडली होती. श्रीखंड वाढता वाढता आई म्हणाली की एवढा वेळ आत काय चाललं होतं तुमचं. भावाने सांगितलं, ताईशी शर्यत लावली होती. बाबांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "मग? कोण जिंकलं?"

मी बोलू शकले असते. पण माझ्या तोंडून निघालं असतं तर तो जळफळाट ठरला असता. त्या वळणाचं त्यानेच सांगायला हवं होतं. मी त्याच्याकडे बघत थांबले.

"मीच," तो म्हणाला.

बाबांनी समाधानाने मान डोलावली. "बघ. माझी पारख चुकली नव्हती."

मी आणखी थोडी थांबले. भावाने आईकडे अजून एक पुरी मागितली.