आळीतली डीपी आणि आंघोळीच्या पाळ्या

माझा धाकटा भाऊ पुण्यात असतो. गावाकडं आई-वडील राहतात, त्या घराचं लाइट बिल तोच मोबाइलवरून भरतो. गेल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला.

"ताई, घरात माणसं दोन आणि युनिट आमच्या चौघांपेक्षा जास्त. कुणीतरी आपल्या मीटरवरनं वायर ओढलेली दिसतीय. तू जरा जाऊन बघ."

मी साताऱ्यात राहते. शाळेतल्या नोकरीतून नुकतीच मोकळी झाले होते, त्यामुळे जायला अडचण नव्हती. मेढ्याच्या पुढं डोंगराच्या कुशीत आमचं गाव. गेल्या गेल्या घरातलं मेन स्विच बंद केलं. मीटर जागच्या जागी थांबला. म्हणजे चोरीबिरी काही नव्हती. वीज घरातच खर्च होत होती.

कुठं, ते चार दिवस राहिल्यावर कळलं. आमच्या लहानपणी त्या घरात आम्ही नऊ माणसं होतो आणि दिवे दोन. जळण भाऊ आणायचा, पाणी मी भरायचे, चटणी चुलती वाटायची. आता आईच्या गुडघ्यांनी दगा दिलाय, म्हणून पाणी तापवायला गिझर. वडिलांचे दात गेलेत, म्हणून भाकरीसुद्धा दुधात भिजवून मिक्सरमधून काढायची. आईचं इन्सुलिन ठेवायला फ्रिज. वडील एकदा अंधारात घसरून पडले, तेव्हापासून मोरीतला दिवा रात्रभर. थंडीत पायांशी विजेची शेगडी. आणि टीव्ही सकाळपासून चालू, बघत कुणीच नाही.

"बंद करू का गं?" मी विचारलं.

"राहू दे," आई म्हणाली. "आवाज हाय तवर घरात माणसं हायेत असं वाटतं."

भावाला फोनवर एवढंच सांगितलं, की वायर कुणी ओढलेली नाही. तो म्हणाला, "मग मीटरच खराब असंल."

आमच्या आळीत बारा-तेरा घरं. प्रत्येक घरात एक किंवा दोन म्हातारी माणसं. पोरं पुण्या-मुंबईला, काही फौजेत. मी साठीला टेकलेली, तरी त्या आळीत सगळ्यात तरणी मीच होते. शेजारच्या घरात काकी एकट्या राहायच्या. जन्मभर चुलीपुढं बसून त्यांची फुप्फुसं निकामी झाली होती. मुंबईच्या मुलानं त्यांना ऑक्सिजनचं मशीन आणून दिलं होतं. विजेवर चालणारं. ते चालू असलं की काकी भाजी निवडायच्या, बोलायच्या, हसायच्याही.

एका सकाळी धाडकन आवाज झाला आणि आळीतली वीज गेली. आमच्या आळीचा ट्रान्सफॉर्मर, ज्याला सगळे डीपी म्हणतात, तो जळाला होता. मी आधी काकींकडं धावले. मशीन बंद. त्या खाटेवर पुढं वाकून बसल्या होत्या, ओठ निळसर झाले होते. अडीनडीला म्हणून एक छोटा सिलिंडर होता, तो मी आणि आईनं मिळून जोडला. तो फार वेळ पुरणारा नव्हता.

मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ती दुसरीकडं गेली होती, यायला वेळ लागेल म्हणाले. वडील दारात उभे राहून ऐकत होते. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत.

"शाळंची लाइन वरच्या वस्तीच्या डीपीवर हाय," ते म्हणाले. "तिथं लाइट असंल. खुर्ची आणा."

काकींना लाकडी खुर्चीत बसवलं, साडीनं बांधलं. चार म्हातारे चार बाजूंनी लागले. चढ फार नव्हता, पण दर वीस पावलांवर त्यांना खुर्ची टेकवावी लागत होती. टेकवली की दुसरे चौघे पुढं यायचे. मी मशीन उचललं होतं, आई मागून सिलिंडर धरून लंगडत येत होती.

"गड्या, दमानं," वडील म्हणत होते. "घाई करू नगंस. पाय बघून टाक."

शाळेत मुलं उरली होती मोजकीच. ती सगळी एका वर्गात बसत आणि दुसरा वर्ग रिकामा होता. गुरुजींनी काही न विचारता तो उघडून दिला. मशीन घरघरायला लागलं. हळूहळू काकींच्या ओठांचा रंग परत आला. पहिलं वाक्य त्या बोलल्या ते आईला: "तुजी सुई कुटं ठिवलीयस? फ्रिज बी बंद पडला असंल की."

खरंच, कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आईचं इन्सुलिन मी वरच्या वस्तीतल्या एका फ्रिजमध्ये नेऊन ठेवलं आणि ॲम्ब्युलन्सवाल्यांना आता नको म्हणून कळवलं.

नवी डीपी यायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस आळीतल्या सगळ्या बायका दिवसभर त्या वर्गात काकींजवळ बसत. एकाच पंपाच्या स्टोव्हवर सगळ्यांची आमटी शिजत होती. माझी आई सुनेविषयी, नातवंडांविषयी बोलत होती. टीव्हीची आठवण तिनं काढली नाही.

डीपी बसवायला आलेल्या वायरमनला वडिलांनी कारण विचारलं.

"आवं, लोड झेपंना," तो म्हणाला. "आळीत माणसं कमी झाली म्हणून लोड कमी हुतोय व्हय? पहाटं समदी गिझर एकदम लावत्यात. मोठी डीपी मागा, पर ती कवा मिळंल सांगता येत न्हाई."

वडील तसेच उठले आणि घरोघर फिरले. कुणी आधी, कुणी नंतर, कुणी उन्हं आल्यावर आंघोळ करायची, ते ठरवून आले. एक म्हातारे अडून बसले होते. "मला देवपूजा असती, मी पहाटंच करनार," म्हणत होते. त्यांना वडिलांनी पहिली पाळी दिली. काकींना उन्हाची वेळ मिळाली.

त्यानंतर डीपी जळाली नाही. काकींच्या मुलानं येऊन बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर बसवला. पण त्या दिवसाची धास्ती त्याच्या मनातून गेली नाही. पाडव्यानंतर तो त्यांना मुंबईला घेऊन गेला. निघताना त्या माझ्या आईला एवढंच म्हणाल्या, "दार तेवढं उघडून बघत जा अदनंमदनं."

आता ते घर बंद असतं. आई आठवड्यातून एकदा काठी टेकत जाते, दार उघडते, दिवा लावून बघते आणि बंद करून येते.