शिट्टीची हवा

माझा धाकटा दीर इंजिनांना हवा पाजतो. चाकात भरायची हवा नव्हे हो, ते काम त्याच्या मेव्हण्याचं. मेव्हणा गोष्टीत येईलच. न बोलावता येणं हा त्याचा स्वभावच आहे. दिराचं काम निराळं. ज्या गाड्यांची ताकद मुळातच नको तेवढी असते, त्यांच्याच मालकांना ती आणखी हवी असते. मग इंजिनाच्या पुढ्यात एक यंत्र बसवतात, सुपरचार्जर. दिसायला हुबेहूब गोगलगाय, पोटात पात्यांची एक चकती. इंजिन फिरलं की एक रबरी पट्टा पुलीला फिरवतो, आतले दाते तो वेग कितीतरी पट वाढवतात, आणि चकती अशी गरगरते की बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनाच्या घशात कोंबते. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. संपलं शास्त्र.

एवढं कळायला मला बरीच वर्षं लागली, कारण मी काही विचारलं की हा सांगण्याऐवजी शिट्टी वाजवायचा. खरंच. चकती वेगात आली की यंत्र शीळ घालतं, इंजिन चढेल तशी शीळही चढत जाते. कोणतं बेअरिंग झिजलंय, कुठे दाते घासतायत, हे तो शिळेवरून ओळखतो आणि तीच शीळ ओठांनी वाजवून दाखवतो. म्हणून सगळे त्याला शिट्टी म्हणतात. त्याची बायकोसुद्धा, तो समोर नसताना.

त्याचं वर्कशॉप आमच्या घरामागेच आहे. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी सरळ त्याच्या टेबलावर उघडते, त्यामुळे मला नाक खुपसायला उठावंही लागत नाही. टेबलावर पांढरं कापड, त्यावर खोललेली गोगलगाय, बेअरिंगं, सील, स्क्रू, सगळं ज्या क्रमानं निघालं त्याच क्रमानं मांडलेलं. एकदा मी मदत म्हणून चकतीवरचा नट सोडवायला गेले. पाना लावला, जीव खाऊन ओढला. नट हलेना.

"वहिनी, अजून ओढा," तो म्हणाला. "मस्त आवळताय."

"आवळतेय? अहो, सोडवतेय!"

"उलटे आटे आहेत त्याला. सरळ माणसाला सुटत नाही तो."

"म्हणजे तुम्हाला बरोबर सुटत असणार."

आमचं हे असंच चालतं. मी लग्न होऊन आले तेव्हा हा मिसरूड फुटलेला, माझ्या मिक्सरचं झाकण काढून 'जरा बघतो' म्हणणारा. मिक्सर तेव्हापासून इतका जोरात फिरतो की मी झाकण दोन्ही हातांनी धरते.

तर अशा या माणसाची हवा जायची वेळ आली. गेल्या वर्षी एक गाडी परत आली. मालकाची तक्रार, इंजिन सावकाश फिरताना जोर उत्तम, पण वर चढवलं की दम सुटतो, बूस्ट पडतो. बूस्ट म्हणजे ती कोंबलेली हवा. शिट्टीनं कसून सगळं खोललं, काही सापडलं नाही, तरी नवीन बेअरिंगं घालून जोडलं. त्याच्या वर्कशॉपच्या जमिनीत रोलर बसवलेत, गाडी जागच्या जागी पळवून जोर मोजायला. तिथे गाडी वाघासारखी पळाली. आठवड्याभरात पुन्हा तीच तक्रार. मग दुसऱ्या मालकाची गाडी आली, तेच रडगाणं. लोक बोलायला लागले, शिट्टीचा हात गेला.

मेव्हणा म्हणजे धाकटीचा भाऊ. धाकटी म्हणजे माझी जाऊ, शिट्टीची बायको. मुलं शिकायला बाहेर पडल्यावर घर खायला उठलं म्हणून ती वर्कशॉपमध्ये यायला लागली होती. फोन घेणं, गिऱ्हाइकांशी गोड बोलणं, गाडी द्यायच्या आधी पुसूनपासून ठेवणं. या मेव्हण्याचं टायरचं मोठं दुकान. तो एक दिवस निळा शर्ट घेऊनच आला. खिशावर दोऱ्यानं 'शिट्टी' असं भरलेलं.

"दाजी, या माझ्याकडे," तो म्हणाला. "टायरला ना आटे, ना शीळ. गोल आहे, फिरतो, घरी जातो."

शिट्टीनं तो शर्ट आत खुंटीला अडकवला. त्या दिवशी वर्कशॉपमध्येच जेवताना त्यानं धाकटीला शब्द दिला. दातवाल्या बाईंची गाडी बाहेर पडायच्या बेतात होती. तीही परत आली, तर वर्कशॉपला कुलूप आणि निळा शर्ट अंगात. माझ्या खिडकीतून मी हे ऐकलं आणि हातातला घास हातातच राहिला. टायरच्या दुकानात शिट्टी! तिथे तो वाजवणार काय?

या दातवाल्या बाई म्हणजे दातांच्या डॉक्टर, आणि त्यांची लाल गाडी इतकी जोरकस की सुरू केली की माझ्या फळीवरचे डबे बोलायला लागतात. त्यांचं आणि शिट्टीचं जमायचं, कारण त्यांचं दात कोरायचं यंत्रही हवेवर फिरतं आणि त्याचीही बेअरिंगं शिळेवरून कळतात म्हणे. दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकांना शिट्ट्या वाजवून दाखवायचे. धाकटी म्हणायची, "ताई, मला मत्सर वाटायला हवा का?" मी म्हटलं, "त्या बाईंच्या हातात ड्रिल असतं, जरा विचार करून वाट."

बाईंची गाडी रोलरवर उत्तम पळाली, धाकटीनं आरशासारखी चकचकीत करून दिली, आणि त्याच आठवड्यात परत आली.

"वर दम जातो," बाई म्हणाल्या.

शिट्टीचा चेहरा पाहवेना. तो सुरी घेऊन निघाला. गाडी खोलायची तर पहिलं काम पट्टा कापायचा. जुना पट्टा तो कधीच परत चढवत नाही. कापला की कचऱ्यात, नवीन पुढे. ही त्याची रीत.

"थांबा," बाई म्हणाल्या. "तुम्ही तर रोग्यानं आ करायच्या आत दात उपटताय. आधी ऐका तरी. चला, बसा."

"मीही येते," मी म्हटलं.

"वहिनी, पोट हलेल."

"ते मिक्सरमुळे कधीच हललंय. सरका."

गावाबाहेर विमानांनी सोडून दिलेली जुनी धावपट्टी आहे, गाडीवेडी मंडळी तिथे येतात. बाईंनी पाय दाबला आणि मी सीटमध्ये रुतले, साडीचा पदर पार खांद्यामागे. तोंडाचा पट्टा माझा कधी बंद पडत नाही, पण तेव्हा पडला. इंजिन गरजत वर चाललं, शीळ बरोबर वर चालली, शीऽऽऽ, आणि मग इंजिन चढतच राहिलं, शीळ मात्र तिथेच थांबली. मला, या अडाणी कानांनासुद्धा ते कळलं. जिना चढता चढता एकानं मधेच बसकण मारावी तसं.

"पुन्हा," शिट्टी म्हणाला. पुन्हा तेच. तो मागच्या सीटवरून ओठांनी ती शीळ वाजवत होता, आणि तिथे आला की थबकत होता.

"याचा अर्थ काय?" मी विचारलं.

"इंजिन फिरतंय आणि चकती मागे पडतेय. मधे फक्त पट्टा. म्हणजे पट्टा घसरतोय. पण वहिनी, पट्टा घसरला तर किंचाळतो. काळी भुकटी सोडतो. हा तर गप्प आहे आणि नव्यासारखा स्वच्छ. ताण मी स्वतः बघितलाय."

"गप्प राहून घसरणारी माणसं असतात," मी म्हटलं, "पट्टे का नसतील?"

त्यानं ते मनावर घेतलं नाही. परत येईपर्यंत काचेबाहेर बघत राहिला. निळा शर्ट दिसत असणार त्याला.

वर्कशॉपमध्ये धाकटी दुसऱ्या कुणाची तरी गाडी सजवत होती. मी दारातून आत पाऊल टाकलं आणि माझी चप्पल अशी काही सटकली की मी थेट जमिनीवर. बाई धावल्या, धाकटी "ताई! ताई!" करत आली. आणि माझा सख्खा दीर? तो गुडघ्यांवर बसला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि फरशीवर बोट फिरवलं.

"वहिनी, तुम्ही कशावर घसरलात?"

"माझी कंबर शाबूत आहे, विचारल्याबद्दल आभार!"

"नाही, पण कशावर?" त्यानं दोन बोटं एकमेकांवर चोळली, नाकाशी नेली. मग धाकटीकडे बघितलं. तिच्या हातात फवाऱ्याचा डबा. "हे काय आहे?"

"चमक," धाकटी म्हणाली. "टायरवर मारतात ना, ती. भावानं दिलीय दुकानातून. रबर कसं काळंभोर दिसतं! मी गाडी द्यायच्या आधी सगळीकडे मारते."

"सगळीकडे म्हणजे? इंजिनात?"

"मग! बॉनेट उघडलं की तेच तर दिसतं. पाइप, झाकणं..."

"पट्टा?"

"पट्ट्यावर तर आधी!" ती अभिमानानं म्हणाली. "पुढेच असतो ना तो."

बाईंनी तोंडावर हात घेतला. रोलरवर गाडी पळवायची तेव्हा पट्टा कोरडा, धाकटीचा हात लागायचा तो त्यानंतर, आणि मग तेलकट झालेला पट्टा न किंचाळता घसरायचा. परत आली की हा पठ्ठ्या तोच पट्टा पहिल्यांदा कापून कचऱ्यात टाकायचा आणि दोष शोधायला आपल्याच कामाच्या पोटात शिरायचा. तिसऱ्या गाडीपर्यंत त्याला एकदाही वाटलं नाही की चूक आपल्या हाताबाहेरची असू शकेल.

धाकटीला अर्थ लागायला जरा वेळ लागला. लागला तेव्हा डबा तिच्या हातातून खाली आला.

"म्हणजे मीच..." ती म्हणाली. "अहो, मी तर तुमचं काम उठून दिसावं म्हणून..."

"दिसलं की," शिट्टी म्हणाला. "असं दिसलं की कुणाला दुसरं काही दिसलंच नाही." आणि तो हसला. किती महिन्यांनी हसला! मग बाईंकडे वळला. "बाई, चूक आमच्या वर्कशॉपची. आजच्या आज नीट करून देतो."

"वर्कशॉपची काय, माझी म्हणा," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "त्या दोघांना फोन मी करणार. मीच सांगणार."

"सांगताना 'चमक' हा शब्द जपून वापर," मी जमिनीवरूनच म्हटलं. "आणि कुणीतरी मला उठवा."

जुना पट्टा गेला. पुल्यांच्या खोबणीत ती तेलकट चमक बसली होती, ती पुसायला कोरडं, जाड, सुती कापड हवं होतं. शिट्टी कपाटं धुंडाळायला लागला. धाकटी आत गेली आणि खुंटीवरचा निळा शर्ट घेऊन आली. तिनं बाही धरून टरकन फाडली.

"अगं, तुझ्या भावानं त्यावर नाव भरून घेतलंय!" शिट्टी म्हणाला.

"त्याच्याच डब्याची घाण आहे, त्याच्याच शर्टानं निघू दे," ती म्हणाली, आणि पुलीच्या खोबणीत बोट घालून घासायला बसली.

नवीन पट्टा चढला. या वेळी रोलरवर नाही, सरळ धावपट्टीवर. मी मागच्या सीटवर, कंबरेला उशी, शेजारी धाकटी, मुठी आवळून. बाईंनी पाय दाबला. इंजिन चढलं, शीळ चढली, ती थांबायची तिथे आली आणि थांबलीच नाही. चढत, चढत, इतकी वर गेली की शिट्टीला ओठांनी ती गाठता येईना. तो नुसती हवा फुंकत राहिला.