पासावरचं तिसरं भोक

ड्रायव्हरचं आयुष्य गाडी चालवण्यात कमी आणि थांबण्यात जास्त जातं. चार ड्रायव्हर एका झाडाखाली थांबले की किस्से होणारच. ते कुणी जमवत नाही, आपोआप साठत जातात. माझ्याकडे जे साठलेत त्यातले निम्मे एकट्या रामभाऊंचे आहेत.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मेहकरच्या स्टँडवर आमच्या चार अॅम्बेसेडर उभ्या असायच्या. रामभाऊ आमचे उस्ताद. मी, गौतम, त्यांच्याच हाताखाली स्टेअरिंग धरायला शिकलो. जिल्ह्यात काही विमान उतरत नव्हतं. ज्याला उडायचं त्याला घेऊन आम्ही पाच-सहा तास लांबच्या शहरात जायचो. तिथल्या विमानतळाला आम्ही नुसतं 'विमान' म्हणायचो. "उद्या विमानावर चाललो बे!" असं म्हटलं की स्टँडवर भाव वाढायचा. रामभाऊंचा निम्मा संसार त्या एका रस्त्यावर चालायचा, हे आधीच सांगून ठेवतो.

*

सुरुवातीला तिथे ना कुंपण, ना पार्किंग. एक इमारत, एक निंबाचं झाड आणि पुढे मोकळं रान. रामभाऊंनी साखरखेर्ड्याच्या एका देशमुखांना त्यांच्या व्याह्यांना घ्यायला नेलं होतं. विमानाला उशीर होता. "रामभाऊ, गाडी सावलीतच ठेवा. सीट तापली तं व्याही तापतील," एवढं बोलून देशमुख मागच्या सीटवर झोपले.

ऊन सरकलं तशी निंबाची सावली सरकली. रामभाऊंनी गाडी सरकवली. पुन्हा सरकली, पुन्हा सरकवली. मग निंबाची सावली संपली. पलीकडे दुसरी चांगली ऐसपैस सावली दिसली, रामभाऊंनी गाडी तिच्यात नेऊन लावली.

थोड्या वेळाने डोक्यावर घरघर सुरू झाली. सकाळपासून उभ्या असलेल्या विमानाचा पंखा फिरत होता आणि रामभाऊंची अॅम्बेसेडर त्याच्या पंखाखाली होती! चार माणसं हात हलवत, ओरडत धावली. देशमुख दचकून उठले, त्यांना वाटलं व्याही आले. पायलट खाली उतरला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"इथे गाडी कुणी आणली?"

"म्या आणली साहेब. दोन वाजेपर्यंत निंब होता, मंग हे होतं!"

पुढच्याच महिन्यात तिथे तारेचं कुंपण पडलं. ते आपल्यामुळेच पडलं असं रामभाऊ शेवटपर्यंत छाती फुगवून सांगायचे.

*

मग विमानतळ वाढायला लागला. परदेशी विमानं उतरणार म्हणून नवी इमारत झाली, जमिनीवर चुन्याच्या रेघा आल्या, पाट्या आल्या. दाराजवळच्या लाइनीत दहा मिनिटं थांबायचं. दिवसभर थांबणाऱ्या गाड्यांनी लांबच्या मैदानात जायचं. साहेबांच्या गाड्यांची जागा वेगळी, तिच्याकडे तर बघायचंसुद्धा नाही.

या सगळ्यावर एक जमादार नेमला. फौजेतून आलेला, झुपकेदार मिशीचा, हातात घड्याळ आणि खिशात कंडक्टरसारखा पंच. बाहेरगावच्या टॅक्सीवाल्यांना त्याने पास दिले. नियम मोडला की पासावर एक भोक. तिसऱ्या भोकाला पास रद्द, गाडीला विमानतळ कायमचा बंद!

आम्ही सगळे हादरलो. रामभाऊ तेवढे हसले. "मले कायचं भोक पडते बे? म्या काय नवा ड्रायव्हर हाओ?"

पहिलं भोक त्यांनाच पडलं.

झालं असं, की त्या लांबच्या मैदानात आम्ही दोघं सकाळपासून बसून होतो. आता वऱ्हाडी माणसाला मोकळं मैदान, दिवसभराचा वेळ आणि भूक एवढं मिळालं की तो काय करणार? रोडगे! रामभाऊंच्या डिक्कीत कणीक होती, वांगी होती आणि गोवऱ्यासुद्धा होत्या. गोवऱ्या पेटल्या, त्यांचा आर झाला आणि कणकेचे गोळे त्या निखाऱ्यात भाजायला पडले. धूर सरळ वर जाऊन नंतर विमानं उतरतात त्या पट्टीवर पसरला.

घंटा वाजली. लाल बंब भरधाव आमच्याकडेच यायला लागला! वर एक विमान उतरता उतरता पुन्हा चढलं आणि घिरट्या घालायला लागलं. मी गाडीमागे लपलो. रामभाऊ चिमट्याने रोडगा उलटत होते.

"ये आग किसने लगाई?" जमादार गरजला.

"आग नाई साहेब, आर हाये. आग असती तं रोडगे जळले असते!"

खटकन भोक पडलं. बंबवाल्यांनी पाणी मारायच्या आधी रोडगे तेवढे बाहेर काढून घेतले. पुरावा म्हणाले. पुराव्याबरोबर वांग्याची भाजीही मागितली.

*

दुसरं भोक पिंपळगाव राजाच्या पाटलीणबाईंमुळे. त्यांचा मुलगा दोन वर्षांनी परत येत होता. एका अॅम्बेसेडरमध्ये किती बायका बसू शकतात? नऊ! शिवाय ओवाळायचं ताट, पाटलीणबाईंच्या मांडीवर.

मुलगा बाहेर आला. गाडी दहा मिनिटांच्या लाइनीत. त्याला तिथेच उभं करून ओवाळणं सुरू झालं. वारा निरांजन टिकू देईना. एकीचं ओवाळून झालं की दुसरीच्या वेळी वात विझलेली. काडेपेटी रामभाऊंच्या हातात, घड्याळ जमादाराच्या हातात. मागे गाड्यांची रांग, त्यात माझीही, हॉर्नवर हॉर्न.

"आठ मिनिटं झाली!"

"हाव साहेब, निघालोच!" रामभाऊंना घाम फुटला होता. ते काडीमागून काडी ओढत होते. मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं.

"दहा!" जमादाराने पंच काढला.

पाटलीणबाई त्याच्यावर उखडल्या. "पाचजणीचं झालं, चौघीचं राह्यलं! त्या चौघीयले तशाच घरी नेऊ काय मी? मंग वर्षभर त्यायचं तोंड तू पाह्यशीन काय?"

जमादाराने उरलेल्या चौघींकडे पाहिलं. पंच मारला आणि काडेपेटी रामभाऊंच्या हातून घेऊन वारा अडवायला स्वतः उभा राहिला. ओवाळणं पूर्ण झालं, पण भोक काही बुजलं नाही.

*

त्या दिवसानंतर रामभाऊ बदलले. हसणं बंद. विमानावर जायचं म्हटलं की आदल्या दिवशीपासून पास काढून भोकं मोजत बसायचे. "अजून एक भोक आन् गाडी इकावी लागते, गौतम," एकदा म्हणाले. मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाने मला घाटात ब्रेक कसा सांभाळायचा ते शिकवलं, तो चुन्याच्या रेघेला घाबरायला लागला होता.

दारात गाडी थांबते न थांबते तोच ते ओरडायचे, "उतरा! सामान घ्या! निघालो मी!" दार आपटल्याचा आवाज आला की गाडी सुटलीच.

एकदा हिवरा आश्रमाचे एक गुरुजी होते, अतिशय सज्जन. सोबत त्यांचे दोन भाऊ पोचवायला. भाऊ उतरले, सामान उतरलं, दारं आपटली. रामभाऊंनी गाडी दामटली. चार मैल गेल्यावर मागून हळूच आवाज आला.

"रामभाऊ, मले वाटते, जायचं मलेच होतं."

रामभाऊंनी आरशात पाहिलं. गुरुजी टोपी सारखी करत बसलेले!

"गुरुजी! काऊन बोलले नाई तुमी?"

"तुमी घाईत दिसले."

परतीचे ते चार मैल रामभाऊंनी कसे काटले ते त्यांनाच ठाऊक. रेल्वेचं फाटक लागलं, तेही बंद. गुरुजी मागून सांगत होते, "राहू द्या, पुढच्या हप्त्यात जाईन." रामभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणतात. पण गुरुजी पोचले, शिडी काढायच्या आत पोचले. जमादाराने घड्याळ पाहिलं, पंच चाचपला आणि खिशातच राहू दिला. गाडी एका मिनिटात परत फिरली होती.

*

आणि मग लताची पाळी आली.

लता रामभाऊंची एकुलती एक मुलगी. नर्सिंग शिकली, परदेशातल्या दवाखान्यात नोकरी लागली. तीन वर्षांचा करार. आमच्या स्टँडवरच्या कुणाचंही पोर तोवर विमानात बसलेलं नव्हतं. लताच्या आईला, आमच्या वहिनींना, ताप होता, त्या घरीच राहिल्या. गाडीत लता, रामभाऊ आणि मी.

आमच्या खेड्यांत एक रीत आहे. लेक निघाली की ती नजरेआड होईपर्यंत पोचवणाऱ्याने पाठ फिरवायची नाही. गाडीही वळवायची नाही. वहिनींनी निघताना तेवढंच बजावलं होतं. रामभाऊ त्यांच्यावर खेकसले, "तिथं दहा मिनिटं भेटतात! रीत त्या जमादाराले सांग!"

रस्त्यात टायर बसला. पोचलो तेव्हा वेळ इतका कमी उरला होता की लांबच्या मैदानाचं नावही काढायची सोय नव्हती. दहा मिनिटांच्या लाइनीत गाडी लावली. लता पाया पडली. रामभाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा. उशीर होऊन राह्यला." ती पळत आत गेली.

जमादार समोरच होता. त्याने घड्याळ दाखवलं. पाच मिनिटं उरली होती. रामभाऊंनी स्टार्टर मारला. मी सुटकेचा श्वास सोडला.

मग त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि खाली उतरून कुंपणाशी जाऊन उभे राहिले.

"उस्ताद, चला ना!" मी मागे धावलो. ते ऐकेनात.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. मागे लाल दिव्याची एक गाडी येऊन अडकली, तिचा ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढेना. आतले साहेब काच खाली करून जमादारावर ओरडायला लागले. जमादार मोठ्याने शिट्टी मारत आला, पण रामभाऊंच्या कानाशी येऊन, फौजी रुबाब सोडून, आपल्या वऱ्हाडीत हळू बोलला.

"रामभाऊ, गाडी काढ भाऊ. साहेब पाहून राह्यले. माह्या हातानं तिसरं भोक पाडाले लावू नको."

रामभाऊ हलले नाहीत. विमान पट्टीवर धावलं, उचललं गेलं, वळलं. साहेब आता गाडीतून उतरून तरातरा आमच्याकडे येत होते. जमादाराने एकदा मागे पाहिलं, पंच काढला आणि रामभाऊंच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. विमान उन्हात एवढंसं दिसत होतं.

रामभाऊंनी वरची नजर न काढता खिशातून पास काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"पाडा भोक. पण समोरून सरका, जमादारसाहेब. लेक अजून दिसून राह्यली."