ताईचा सत्कार

माझी थोरली बहीण नाचायची. आष्ट्याच्या आमच्या घरात ते वाक्य एवढ्यावरच संपे. वडील भुसार मालाचे व्यापारी. मुलगी मुंबईत बॅलेच्या मंडळीत नायिकेची कामं करते हे त्यांनी चालवून घेतलं होतं, कारण आष्ट्याहून कोणी बघायला जाणार नव्हतं. त्या नृत्यनाटिकांत शब्द नसत, सगळं अंगानं बोलायचं. ताई मरणाचे प्रवेश फार चांगले करी. आंब्याच्या कोयीवरून भांडताना मी तिला पाहिलेलं होतं, तरी तिसऱ्या रांगेत बसून डोळे पुसायचो.

गुडघा गेला तेव्हा ती सांगलीला परतली आणि नाच बसवू लागली. पाचगणीच्या शाळांपासून आष्ट्याच्या हायस्कूलपर्यंत सगळीकडची स्नेहसंमेलनं. चाळीस पोरं आणि एक सिनेमातलं गाणं. प्रत्येक पालकाला आपलं मूल पुढच्या रांगेत हवं असे, म्हणून ती दर कडव्याला रांगा बदलायची. नृत्यकलेला आपण दिलेली देणगी ती एवढीच, असं म्हणायची.

स्वतःचं असं तिनं एकच बसवलं. एक बाई पाण्याला जाते. हातात घागर नाही. घागरीचं वजन कमरेत दिसतं. पाच खेपा. पहिलीला ती पोरगी असते, पाचवीला म्हातारी. त्या पाचव्या खेपेला घागर रिकामी असते, आणि तीच सगळ्यांत जड दिसायला हवी. मलकापूरची एक मुलगी दोन वर्षं दर रविवारी एसटीनं येऊन ते शिकली. ताई भिंतीला टेकून हातानं ताल धरायची, त्यामुळे पूर्ण नाच तिनं कधी निवांत पाहिलाच नव्हता. एकदा तो प्रेक्षागृहातून, दिव्यांच्या उजेडात बघायचा होता तिला.

वेळ थोडा होता. त्या मुलीला जर्मनीत नर्सची नोकरी लागली होती आणि ती पुढच्या गुरुवारी निघणार होती. ताईच्या आजाराबद्दल मिरजेचे डॉक्टर दिवाळीच्या पुढचं काही बोलत नव्हते. सांगलीतल्या एका मंडळानं रविवारी दुपारी सभागृह द्यायचं कबूल केलं, आणि तिथंच घात झाला. आमच्याकडं माणसाचं काम बघण्याआधी त्याचा सत्कार करावा लागतो.

मी मंडळाच्या अध्यक्षांना म्हटलं, सत्कार राहू द्या, नुसता नाच होऊ द्या.

"आवं सर, आसं कसं? लोक आमाला काय म्हनतील? आनि मानपत्र तुमीच ल्ह्या. तुमच्यावानी कुनाला येतंय?"

शेवटच्या वाक्याला मी विरघळलो. आयुष्यभर मानपत्रांची टिंगल केलेल्या माणसाला वाटलं, एकदा चांगलं मानपत्र कसं असतं ते दाखवून देऊ.

कार्यक्रम तासभर उशिरा सुरू झाला, कारण पाहुणे आष्ट्याला एका उद्घाटनात अडकले होते. मग दीपप्रज्वलन, काडी चार वेळा विझली. मग ज्यांचे सत्कार ठरले नव्हते अशांचे सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा. ताईला व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसवलं होतं. फेटा तिच्या कपाळावर सारखा घसरत होता. पाहुणे बोलले, अध्यक्ष बोलले. मग मी उठलो आणि वाचलं. चांगलं वाचलं. दोन ठिकाणी लोक हसले, एका ठिकाणी शांत झाले. त्या शांततेत मी जरा थांबलोही.

खाली येतो तोवर सभागृहाचा व्यवस्थापक पडद्याजवळ उभा होता. संध्याकाळच्या नाटकाचा ट्रक दारात लागला होता. नेपथ्य उतरवायचं होतं. अध्यक्षांनी माइकवर सांगितलं की वेळेअभावी नृत्य होऊ शकत नाही, तरी रसिकांनी समजून घ्यावं. रसिकांनी लगेच समजून घेतलं आणि चहाकडं वळले. विंगेत ती मुलगी घुंगरं बांधून उभी होती. ताईनं तिच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "तिकडं लय थंडी असते म्हणतात. स्वेटर घे."

रिक्षात ताईशेजारी बसून मी मंडळाला, पाहुण्यांना, ट्रकला शिव्या देत होतो.

"तू किती वेळ वाचलंस रं?" तिनं विचारलं.

"सात-आठ मिनिटं असतील."

"अकरा." तिच्या आवाजात राग नव्हता. "माझा नाच अकराचा हाय. तू वाचायला लागलास आणि मी मनात तिला सोडलं पाण्याला. लोक हसले तेव्हा दुसरी खेप चालली होती."

शेवटची खेप झाली का, एवढंच मी विचारलं.

"झाली की. तू शेवटी शेवटी थांबलास नव्हं का, तिथं." तिनं शालीची घडी मांडीवर नीट केली. "पण मला कुठं दिसली? मीच तर नाचत होते."

गुरुवारी मुलगी गेली. ताई दिवाळीपर्यंतही थांबली नाही.