पाच आठवडे मागचं मंडळ

उभ्या टेक्सासात काळाच्या पाच आठवडे मागे राहणारा माणूस एकच होता, आणि तो अर्विंगला माझ्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये राहत होता. सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणत असे. व्यवसायाने ते पुलांची गणितं करणारे इंजिनिअर. उरलेल्या वेळात मात्र ते इंग्लंडच्या उत्तरेकडच्या, कापडगिरण्यांच्या एका गावातल्या फुटबॉल क्लबचे इतिहासकार, भाट आणि पुजारी होते. ज्या अर्विंगात फुटबॉल म्हणजे नारळाच्या आकाराचा चेंडू काखेत मारून पळत सुटणं, तिथे पायाने खेळायच्या फुटबॉलचं हे व्रत काकांनी ऐंशीच्या दशकात एकट्याने चालवलं.

त्या क्लबला ते ‘मंडळ’ म्हणत. क्लब म्हटलं की पत्ते आणि दारू डोळ्यांपुढे येते, असं त्यांचं मत. त्यामुळे नव्याने आलेल्या माणसांची फार पंचाईत होई, कारण अर्विंगला खरंखुरं मराठी मंडळही होतं. एका संक्रांतीला काका कोणाला तरी म्हणाले की मंडळाची अवस्था बिकट आहे, कप्तानाचा गुडघा गेलाय. ऐकणारं जोडपं नागपूरहून नुकतंच आलेलं. दुसऱ्या दिवशी ती बाई मराठी मंडळाच्या अध्यक्षांच्या दारात गुडघ्याला चोळायचं तेल आणि मऊ भाताचा डबा घेऊन हजर. अध्यक्षांचे गुडघे ठणठणीत होते, पण डबा त्यांनी ठेवून घेतला. याच अध्यक्षांनी पुढे गणपतीत ‘मंडळाचा इतिहास’ पाच मिनिटांत सांगायला काकांना उभं केलं, याला काय म्हणावं! काकांनी पाऊण तास घेतला. सुरुवात नेहमीचीच: गिरणीतल्या अकरा रंगाऱ्यांनी मंडळ काढलं, पहिल्या सामन्याचे सदरे स्वतःच लाल रंगात बुडवले, पावसात रंग सुटला आणि मध्यंतरापर्यंत समोरचा संघ, रेफरी आणि चेंडू सगळेच लाल झाले. मग दोन महायुद्धं, मग पडझड, मग एकामागून एक लीगची विजेतेपदं आणि शेवटी युरोपचा चषक. चषक हाती येईपर्यंत प्रसादाचा शिरा गार झाला होता.

आता पाच आठवड्यांचं सांगतो. तरुणपणी काका दोन वर्षं त्या गिरण्यांच्या गावी शिकायला होते. त्यांची तिथली म्हातारी घरमालकीण तिकडची वर्तमानपत्रं जमवून, खाकी कागदात बांधून, बोटीच्या टपालाने पाठवायची. प्रत्येक गोलाच्या बातमीशेजारी तिने पेन्सिलीने एक फुली मारलेली असे. पार्सल पोचायला पाच आठवडे लागत. काका ती पत्रं तारखेच्या क्रमाने, रोज एक अशी वाचत, आणि पुढचं पान आधी चाळायचं नाही हे सोवळं कडक पाळत. त्यांच्या ऑफिसात एक इंग्रज होता. तो सोमवारी समोरून येताना दिसला की काका कानांवर हात ठेवून जिन्याकडे वळत. त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत वाटत राहिलं की या गृहस्थांना कानाचं काहीतरी दुखणं आहे.

मंडळ जिंकलं की काकू मिल्क पावडरचे पेढे करत आणि आम्ही पाच आठवडे शिळा विजय ताजा समजून खात असू. हरलं तर सुतक. पण काका व्यवहारी होते. लांबच्या सुतकाची बातमी दहा दिवस उलटल्यावर कळली तर नुसत्या आंघोळीवर भागतं, असा त्यांनी शास्त्रार्थ काढला होता. शनिवारी भर दुपारी त्यांच्या बाथरूमचा शॉवर सुरू झाला की मी भिंतीपलीकडून समजायचो, मंडळाने मार खाल्ला.

दुःख एकच होतं. अकरा वर्षांची नीली, त्यांची एकुलती एक मुलगी, या इतिहासाला दाद देत नसे. ती रंगाऱ्यांच्या गोष्टीला जांभई देऊन म्हणायची, “बाबा, इट्स युअर क्लब. नॉट माइन.” काका ते हसण्यावारी नेत, पण मला एकदा म्हणाले होते की माझ्यामागे हे सगळं रद्दीत जाईल. ते बोलताना त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

त्या वर्षी जूनमध्ये विमानाच्या टपालाने एक पत्र आलं. म्हातारीच्या मुलाचं. ती गेली त्याला तीन आठवडे झाले होते. घर आवरताना त्याला काकांचा पत्ता सापडला होता. काकांच्याच शास्त्रार्थाप्रमाणे एका आंघोळीवर भागायला हवं होतं. काका दहा दिवस सुतकात बसले. दाढी नाही, गोडधोड नाही, झोपायला गालिच्यावर चटई. चौथ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा काकू वैतागून म्हणत होत्या की ती नात्याची ना गोत्याची, आणि तुमचा तो नियम कुठे गेला?

काकांनी चटईची सुरकुती हाताने सारखी केली. मग म्हणाले, “पहिल्या हिवाळ्यात मला त्या गावात बोलायला कोणी नव्हतं. तिने तिच्या गेलेल्या नवऱ्याचा मफलर माझ्या गळ्यात घातला आणि मला सामन्याला नेलं. दोन गोलांनी मागे होतो. शेजारी उभा होता त्या गिरणी कामगाराने माझ्याकडे वळून सांगितलं, ‘वी आर लूझिंग, लॅड.’ त्या ‘वी’चं मराठी ‘आम्ही’ होत नाही गं. ‘आपण’ होतं.”

काकू उठून आत गेल्या. नीली टेबलाशी गृहपाठ करत होती. तिची पेन्सिल थांबलेली मी पाहिली.

नवव्या दिवशी पार्सल आलं. म्हातारीने जाण्याआधी दोन-चार दिवस टाकलेलं. बोटीला बिचारीला काय ठाऊक! काकांनी त्याला हात लावला नाही. ते फ्रिजवर तसंच राहिलं. तेराव्या दिवशी काकूंनी रीतीप्रमाणे गोड केलं, पेढेच केले, आणि मला जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर नीलीने स्टूल घेऊन पार्सल काढलं, दोरा सोडवला आणि काकांसमोर ठेवलं. काका म्हणाले, तूच वाच, मला अक्षरं नीट दिसत नाहीत. तिने एकेक वर्तमानपत्र क्रमाने उघडलं. शेवटच्यात तीन फुल्या होत्या, जरा वाकड्यातिकड्या. नीलीने बातमी मनात वाचली, पुन्हा एकदा वाचली, आणि मान वर केली.

“बाबा, लीग आपण जिंकलो.”

काकांनी तिच्या हातात पेढा ठेवला आणि मग तोंड पुसायचा टॉवेल डोळ्यांना लावला. पेढे तेराव्याचे की विजयाचे, हे कोणी विचारलं नाही.

पुढे नीलीने म्हातारीच्या मुलाला पत्र लिहिलं आणि पार्सलं परत सुरू झाली. त्याला फुल्या मारायची सवय नव्हती, म्हणून ते काम नीलीकडे आलं. निकाल तिला काकांच्या आधी कळायला लागला. मी अर्विंग सोडलं त्या सकाळी निरोप घ्यायला गेलो, तर नीली पेन्सिल कानामागे खोचून, अगदी गंभीर चेहऱ्याने कॉर्नफ्लेक्स खात होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून काही कळू नये म्हणून काका खिडकीबाहेर बघत चहा पीत होते.