मुक्या कोल्ह्याचा आवाज

अण्णा गेल्याचं वहिनीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी बंगळूरच्या ट्रॅफिकमध्ये, हेब्बाळला रिक्षात अडकले होते. "झोपेतच गेले गं..." एवढंच ती म्हणाली. माझा हा थोरला भाऊ जन्मात कधी काही गुपचूप करणारा नव्हता. जाताना मात्र कुणाला हाकसुद्धा मारली नाही, याचा मला अजून राग येतो.

बँकेतली नोकरी सांभाळून अण्णानं जुनी कार्टून जमवली. पाच-दहा मिनिटांच्या फिल्मची रिळं, बहुतेक बंगळूरच्याच शिवाजीनगरमधल्या भंगारवाल्यांकडून आणलेली. डबा उघडून आधी वास घ्यायचा, आंबूस आला की फिल्म सडलीय म्हणून परत ठेवायचा. मग फिल्म उजेडाला धरून कडेची भोकं तपासायची. हातानं काढलेली रेघ जराशी थरथरते, त्यातच सगळी गंमत असते, असं त्याचं म्हणणं. मूळ कागदी लेबल शाबूत असलेला डबा मिळाला, की स्वारी आठवडाभर हवेत!

फिल्मच्या कडेला छापलेला आवाज ज्याच्या उजेडानं ऐकू येतो, तो त्याच्या प्रोजेक्टरचा दिवा मात्र कधीचाच गेलेला आणि तसला नवा कुठं मिळेना. म्हणून रविवारी चित्रं मुकी धावायची आणि अण्णा मागं उभा राहून बोलायचा. कोल्हा कन्नड बोलायचा, कोंबडी आमच्या घरचं मराठी. "अक्का, स्वल्प बागिलु तेगीरी... दार उघडा हो, दार!" "जा रे मेल्या, माझं सार उतू चाललंय!" वहिनी कपाळाला हात लावायची आणि सगळ्यांत जास्त हसायची.

त्याच्या सत्तरीला श्रीधरनं, त्याच्या मुलानं, कुठून कुठून शोधून तो दिवा आणला. फिल्मचा खरा आवाज आला... बाजा, शिट्ट्या, इंग्रजी. आम्ही टाळ्या वाजवल्या. "सरी, बरं तर, आता माझी सुटी," अण्णा हसत म्हणाला. त्यानंतर तो आमच्यासारखाच खुर्चीत बसून बघू लागला. तू बोल, असं कुणीच म्हटलं नाही. लेकानं एवढ्या प्रेमानं आणलेला दिवा. तो काढून ठेव, असं अण्णा तरी कसा म्हणणार? त्याला किती लागलं असेल, हे आता कुणाला विचारू?

मागच्या रविवारी आम्ही सगळे जमलो. श्रीधरनं कोल्ह्याचंच रीळ लावलं. "आवाज बंद कर रे," वहिनी म्हणाली. कोल्हा दाराशी आला, त्यानं तोंड उघडलं. एवढी माणसं बसलेली, पण त्याच्या तोंडी काय घालावं ते एकालाही सुचेना. अण्णा दर रविवारी नवंच काहीतरी बोलायचा, त्यामुळे ते टिपून घ्यावं असं कधी वाटलंच नव्हतं. वहिनीनं घसा खाकरला, श्रीधरकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पडद्यावर कोल्ह्याचं तोंड हलत राहिलं.